‘किती टक्के काढलं तर चालेल?’ मुसळी, चारोळी आणि मोहाबद्दल एका ग्रामसभेच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. बाहेरचा एक व्यापारी पांढरी मुसळी, शतावरी आणि चारोळी मागतो आहे. त्यावरून ग्रामसभेत दोन तट पडलेत. जुनी माणसं म्हणतात, बापजाद्यांपासून काढत आलो, जंगल संपलं का? पोरं म्हणतात, मुसळी आता पूर्वीसारखी दिसत नाही, सगळंच बंद करा. आणि समितीचे सचिव म्हणून तुम्हाला एक आकडा हवा आहे. किती टक्के काढलं तर झाडं टिकतील, ते ठरावात लिहायचं आहे.

मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि गेली बावीस वर्षं गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटातल्या ग्रामसभांसोबत गौण वनउपजाचं, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाचं, काम करते आहे. तुम्ही मागता तसा एकच आकडा मी देणार नाही, कारण तो दिला तर तुमचं नुकसान होईल. मोहाची शंभरातली नव्वद फुलं वेचली तरी झाडाला काही होत नाही. मुसळीचं तसं नाही. शंभर झाडांतली दरवर्षी वीस टक्के उपटली आणि नवी उगवली नाहीत, तर पाच वर्षांनी साधारण तेहतीस उरतात. ‘वीस टक्के’ ऐकायला किती सावध वाटतं बघा. म्हणून टक्क्याच्या आधी विचारायचं ते हे: आपण झाडाचं नेमकं काय नेतो आहोत? त्यानं टाकून दिलेलं, त्याची पोरं, की त्याचा जीव?

मोहापासून सुरू करते, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. आपण मोहफूल म्हणून वेचतो ती पाकळ्यांची रसाळ कुपी. ती रात्रीतून, पहाटे आपोआप गळते. ज्याचं पुढे फळ होतं तो भाग वर देठालाच राहतो. म्हणजे पहाटे टोपली घेऊन गेलेली बाई झाडाचं काहीच तोडत नाही. ते तिनं उचललं नाही तर हरणं आणि अस्वलं खातील, उरलेलं सडेल. फुलं वेचून मोह संपला असं मी एकाही गावात पाहिलेलं नाही.

तरीही तुमच्या बांधावरचे मोह एकदा नीट बघा. सगळे म्हातारे दिसतील. कमरेएवढा, डोक्याएवढा मोह शोधून सापडतो का? याचं कारण फुलं वेचण्यात नाही, त्याच्या आजूबाजूच्या दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळणं. त्या आगीत आदल्या पावसाळ्यात उगवलेलं रोप जातं, आणि आग सुटली की ती झाडाखालीच राहत नाही. दुसरं म्हणजे टोळंबी, म्हणजे मोहाचं बी. तेलासाठी बी वेचलं जातं, आणि मोहाचं बी साठवणीत टिकणारं नाही. पाऊस पडला की लगेच रुजतं, वाळलं की मरतं. यंदा खाली राहिलं नाही तर पुढच्या वर्षीसाठी जमिनीत काही शिल्लक नसतं. त्यात बांधावर नांगर आणि ढोरं आहेतच.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात ब्राझील नट नावाचं प्रचंड मोठं झाड असतं, त्याचं बी तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या वेचतात. ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियातल्या २३ ठिकाणची झाडं मोजून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जिथं अनेक दशकं जोरात वेचणी झाली होती तिथं मोठी झाडं दिमाखात उभी होती, पण पोरं जवळजवळ नव्हती. म्हाताऱ्यांचंच गाव म्हणा. बाहेरून आलेला माणूस म्हणेल, काय छान जंगल आहे! तुमच्या ग्रामसभेतली जुनी माणसं ‘जंगल कुठं संपलं’ म्हणतात ती खोटं बोलत नाहीत. त्यांना झाडं दिसतात. शंभर वर्षं जगणाऱ्या झाडाचा वंश थांबला तरी ते कळायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

आता यामागचा हिशेब सांगते, कारण तो कळला की चारोळीचं आणि मुसळीचं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. समजा तुमच्या हद्दीत चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, २०० मोठी झाडं आहेत आणि मोठं झालेलं झाड सरासरी ५० वर्षं जगतं. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. म्हणजे वर्षाला चार झाडं आपल्या मरणानं जाणार, आणि त्यांची जागा भरायला वर्षाला चारच पोरं मोठी व्हायला हवीत. फळं मात्र लाखांनी लागतात. त्यामुळे फळं बरीच नेली तरी झाडांची संख्या लगेच ढळत नाही. पण कुऱ्हाडीनं वर्षाला आणखी आठ झाडं गेली तर मरण तिप्पट झालं. आता बारा पोरं हवीत, आणि ती देणारी झाडंच कमी झाली. दीर्घायुषी झाडाचं असं असतं. फळांच्या बाबतीत ते बरंच सोसतं, मोठ्या झाडांच्या जिवाच्या बाबतीत अजिबात सोसत नाही. चार-सहा महिन्यांत जगून मरणाऱ्या रोपाचं उलटं. त्याचं सगळं भवितव्य त्या वर्षीच्या बियांत असतं.

चारोळीकडे येते. चाराचं फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं. पिकलं की फळ काळं-जांभळं होतं, गर गोड होतो आणि आतली चारोळी भरते. पण मला अशी फार कमी गावं माहीत आहेत जिथं फळ पिकेपर्यंत झाडावर राहतं. गडचिरोलीतल्या कोरचीकडच्या एका आजींना मी विचारलं होतं की हिरवं कशाला तोडता, भाव अर्धा येतो. त्या म्हणाल्या, “पिकेपर्यंत थांबलो तं दुसरा नेते जी, मंग आमच्या हाती का राहते?” त्यांचं बरोबर होतं. एकटी आजी थांबली तर तिचंच नुकसान. मग हिरवं फळ तोडायला वेळ नसतो म्हणून फांदीच तोडून खाली आणायची आणि सावलीत बसून फळं ओरबाडायची. चाराचा मोहोर फांदीच्या शेंड्याकडे येतो. फांदी गेली की पुढच्या दोन-तीन वर्षांचे शेंडे गेले. झाड जिवंत राहिलं तरी वांझ झाल्यासारखं उभं राहतं. हिरव्या फळाचं बी रुजत नाही, आणि पक्षी-अस्वलं हिरवं खात नाहीत, म्हणून बी लांबही जात नाही. एका घाईपायी झाडाचा जीव, पुढची पिकं आणि पोरं अशा तिन्ही ठिकाणी घाव बसतो.

इथं तुमच्या हातात मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे हक्क. ज्या जंगलाला कोणी धनी नाही तिथं पिकेपर्यंत थांबा असं सांगण्यात अर्थ नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तुमच्या ग्रामसभेला गौण वनउपजाची मालकी दिली, आणि त्यात मुळं-कंद आणि औषधी वनस्पतीही येतात. त्याच कायद्याच्या कलम ५ नं जंगल राखायचा अधिकारही दिला. २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टरवर हा हक्क मिळाला तेव्हा लोक बांबूबद्दल बोलत होते. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की आता तारीख ठरवता येईल. अमुक दिवसाआधी चाराला हात लावायचा नाही, आणि त्या दिवशी सगळं गाव एकत्र निघेल. ही तारीख पंचांगावरून ठरवू नका. दोन-तीन जाणत्या बायांनी जंगलात फिरून फळ बघावं आणि त्यांनी सांगावं.

तुमच्याकडच्या जुन्या माणसांना हे नवं वाटणार नाही. भामरागड-एटापल्लीकडे माडिया गावांत पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय नवं फळ तोंडात घालत नाहीत. मर्का पंडुम होईपर्यंत आंबा खायचा नाही. त्या रिवाजाचा अर्थ देवाधर्माचा आहे आणि तो माझ्या शास्त्रात बसवून मला लहान करायचा नाही. पण त्यामुळे सगळं गाव एकाच वेळी थांबायचं आणि एकाच वेळी निघायचं, एवढं मात्र खरं. तुमच्या ग्रामसभेत जुनी माणसं आणि पोरं भांडत असतील तर हा विषय काढून बघा. दोघांनाही त्यात आपली बाजू सापडते.

तोड कशी करायची यात फार गुंतागुंत नाही. कुऱ्हाड आणि कोयता घरी ठेवायचा. काठीला आकडा लावून फांदी वाकवायची, पिकलेलं फळ झटकून खाली कापडावर घ्यायचं. शेंड्यावरचं हाताला येत नाही ते पाखरांचं. आणि जंगलाच्या एका भागातली चांगली फळणारी झाडं त्या वर्षापुरती पूर्ण सोडायची, पुढच्या वर्षी दुसरा भाग सोडायचा.

आता मुसळी. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या व्यापाऱ्याच्या यादीत सगळ्यात धोक्याची तीच आहे. आणि कारण इथं माझ्या हातून एकदा चूक झाली आहे.

पांढऱ्या मुसळीच्या शास्त्रीय नावात मुंबईचं बोरिवली आहे. इतक्या जवळच्या या वनस्पतीची आपण कदर केली नाही. पहिल्या पावसानंतर पानं येतात, जुलै-ऑगस्टमध्ये पांढऱ्या फुलांचा दांडा येतो, मग काळं बारीक बी पडतं आणि दिवाळीच्या सुमाराला वर काहीच राहत नाही. जमिनीखाली मात्र बोटांसारख्या मुळ्यांचा घोस पुढच्या पावसाची वाट बघत असतो. खोदणाऱ्याची अडचण इथंच आहे. पान दिसतं तेव्हाच झाड सापडतं, म्हणून तो ऑगस्टमध्ये खोदतो. म्हणजे बी पडण्याच्या आधी. झाडही गेलं आणि त्याचं बीही गेलं. आणि त्या वेळची मुळी कच्ची असते. वाळवली की चिपाड होते, व्यापारी भाव पाडतो, मग तेवढ्याच पैशाला आणखी खोदावं लागतं.

माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावानं मला हाच प्रश्न विचारला होता. मी मोठ्या विश्वासानं सांगितलं, तीनातलं एक झाड ठेवा. गावानं माझा शब्द तंतोतंत पाळला. तिसऱ्या पावसाळ्यात मी गेले तेव्हा त्या उतारावर मुसळीची पानं बऱ्यापैकी दिसत होती, पण फुलांचे दांडे शोधावे लागत होते. लोकांनी तीनातलं एक ठेवलं होतं, फक्त प्रत्येक वेळी सगळ्यात बारीक ते ठेवलं होतं. वजन भरायचं तर जाड घोस काढणार, हे साहजिकच होतं. मुसळीत फुलतं ते मोठं झाड. बारक्याला पान काढण्यापुरतीच ताकद असते. मी संख्या सांगितली होती, कोणतं ठेवायचं ते सांगितलं नव्हतं. त्या गावानं पुढे कित्येक वर्षं तिथं खोदलं नाही, आणि ती कमाई बुडाली ती माझ्या अपुऱ्या सल्ल्यामुळे. तेव्हापासून मी कुणालाही नुसता टक्का सांगत नाही.

मोठं नेमानं काढत राहिलं की आणखी एक गोष्ट होते, तिला वेळ लागतो पण ती परत फिरत नाही. तिबेट आणि पूर्व हिमालयाच्या उंचावर हिमकमळ म्हणून औषधी फूल आहे. लोक त्याचं मोठं झाड बघून खुडतात. शंभरेक वर्षांत गोळा करून वाळवून ठेवलेले नमुने मोजले तेव्हा दिसलं की खुडल्या जाणाऱ्या जातीची उंची कमी कमी होत गेली आहे. तिची जवळची बहीण, जी कुणी फारशी खुडत नाही, तिची मात्र तेवढीच राहिली. हा अभ्यास २००५ चा. उंच झाडं बी टाकण्याआधी जातात, बुटकी राहतात, आणि पुढची पिढी बुटक्यांची निपजते. आपण शेतात चांगलं कणीस बियाण्याला ठेवतो. जंगलात नेमकं उलटं करतो.

मग मुसळी काढायचीच नाही का? काढता येते, पण तीन गोष्टी जमत असतील तरच. पहिली, ऑगस्टमध्ये जंगलात जायचं ते कुदळ न घेता. बांबूच्या चार बोटं रुंद खुंट्या घेऊन जायचं आणि जी झाडं काढायची त्यांच्याशेजारी रोवायच्या. फुलांचा जाड दांडा असलेली झाडं, चारांतलं एक तरी, बिनखुंटीची ठेवायची. दुसरी, खोदायचं दिवाळीनंतर. तोवर बी पडलेलं असतं, मुळी पिकून तिची साल गडद झालेली असते आणि वाळवल्यावर वजन चांगलं राहतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. घोसाच्या माथ्याशी चकतीसारखा भाग असतो, डोळा त्यातच असतो. सुट्या मुळीला डोळा नसतो, ती पुरली तर कुजते. म्हणून जाड मुळ्या तोडून घ्यायच्या आणि चकतीला दोन-तीन मुळ्या ठेवून ती त्याच खड्ड्यात, त्याच खोलीवर परत लावायची, माती दाबायची. पुढच्या पावसात ते झाड बारीक पान काढेल. त्याच्याकडे मग दोन-तीन वर्षं बघायचं नाही, म्हणजे एका वर्षी एक उतार, दुसऱ्या वर्षी दुसरा, असं फिरत राहावं लागेल.

हे काम सावकाशीचं आहे. रोजीनं माणसं लावून व्यापारी खोदायला लागला तर चकती परत लावली जाणार नाही. म्हणून बाहेरचे मजूर नकोत. शतावरीलाही हेच लागू आहे. मधला गड्डा आणि त्याच्या थोड्या मुळ्या जागेवर ठेवा, बाजूच्या जाड मुळ्या एका अंगानं काढा, आणि वेल वरून छाटून टाकू नका.

तुमच्या यादीत नाही तरी सालीबद्दल दोन वाक्यं लिहिते, कारण असे व्यापारी पुढच्या वर्षी साल मागतात. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळाकडे जातं, म्हणून खोडाभोवती गोल साल काढली की झाड उभ्या उभ्या मरतं. मैदालकडीची झाडं मी अशीच जाताना पाहिली आहेत. आज कित्येक गावांत पोरांना ते झाड ओळखता येत नाही. सालईच्या डिंकाचंही जपून. आफ्रिकेत इरिट्रियामध्ये सालईच्याच कुळातल्या झाडांवर अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की सतत चिरे मारलेल्या झाडांना बी कमी लागतं आणि लागलेलं फारसं रुजतही नाही. चीर मारल्यानं झाड मेलं नाही म्हणून सगळं ठीक आहे असं नसतं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: गळालेलं निर्धास्त घ्या, फळ पिकल्यावर घ्या आणि फांदी वाचवा, कंद बी पडल्यानंतर, डोळा जागेवर ठेवून आणि मोठी झाडं राखून घ्या, गोल साल कधीच नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण झाडं कमी झाली की दोष लगेच वेचणाऱ्या बायांवर येतो. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी आवळा गोळा करतात. तिथं आवळ्याची झाडं कमी होत होती आणि सगळ्यांची बोटं सोलिगांकडे होती. अनेक वर्षं झाडं मोजल्यावर २०१२ साली जे प्रसिद्ध झालं त्यात फळतोडीपेक्षा बांडगूळ आणि घाणेरी यांचा वाटा मोठा निघाला. घाणेरी म्हणजे आपली रायमुनिया. तिच्या दाट झुडपाखाली रोप वर येत नाही. सोलिगा म्हातारे आधीपासून म्हणत होते की पूर्वी आम्ही हलकी आग लावायचो, ती बंद झाल्यावर बांडगूळ वाढलं. मी वर मोहाखालच्या आगीला दोष दिला, आणि इथं आग बंद झाल्याची तक्रार आहे. दोन्ही खरं असू शकतं. कोणत्या महिन्यातली आग, किती वर्षांनी, कोणतं झाड, यावर सगळं आहे. आपल्या भागात तीच जमीन दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये जळते, एवढं मी डोळ्यांनी बघते, आणि रोपं त्यात जातात.

तेंदू हे याचं चांगलं उदाहरण आहे. सत्तर पानांचा पुडा बांधायला पान कोवळं आणि खाली हवं, म्हणून खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, होते आणि जंगलाला आगही लागते. पान तोडल्यानं तेंदू मरत नाही, तो मुळापासून पुन्हा फुटतो. पण ज्याला कधी वाढूच दिलं नाही त्याला टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, लागत नाहीत. आणि त्या आगीत मोह, चार, बेहडा सगळ्यांची पोरं जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं हाच विचार करून तेंदूपत्ता बंद केला, नगद पैसा सोडला आणि बांबूवर उभं राहायचं ठरवलं. प्रत्येक गावाला ते परवडणार नाही आणि मी तुम्हाला तसं सुचवतही नाही. तेंदूपत्ता खरेदीच्या फळीवरचे ते दहा-पंधरा दिवस कित्येक घरांचं वर्ष चालवतात, हे मला माहीत आहे. पण तेंदूच्या आगीचा हिशेब चारोळीच्या खात्यात धरला पाहिजे, एवढं ग्रामसभेत बोला.

म्हणजे तुमच्या जंगलात नेमकं काय होतंय हे तुम्हालाच मोजावं लागेल. हे अवघड नाही, दहावी झालेली चार पोरं आणि दोन जुनी माणसं करू शकतात. ५० मीटरची दोरी सरळ टाका, तिच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर. अशा वीस पट्ट्या झाल्या की एक हेक्टर. पट्ट्या सोयीच्या जागी टाकू नका. गावाजवळ, लांब, उतारावर, नाल्याकाठी अशा विखरून टाका आणि टोकांना दगड रचून खूण करा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच जागा सापडेल. प्रत्येक पट्टीत चार, मोह, आवळा मोजा: गुडघ्याखालचे किती, डोक्याखालचे किती, डोक्यावरचे पण न फळणारे किती, फळणारे किती. सगळ्यात जास्त रोपं, मग कमी होत होत मोठी झाडं, असं निघालं तर बरं आहे. मोठी झाडं आहेत आणि मधली फळीच नाही, असं निघालं तर तोड कमी करून भागणार नाही, आग आणि चराई थांबवावी लागेल.

ही मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या तोंडावर करा. ऑक्टोबरमध्ये केली तर रोपंच रोपं दिसतात आणि मन फसतं. उन्हाळा आणि वणवा काढून जे उरलं तेच खरं. आणि गुडघ्याएवढं जे दिसतं ते कालचंच असेल असं धरू नका. आपल्या जंगलात वरचं खोड दर वर्षी जळतं आणि मूळ पुन्हा फुटतं, अशी रोपं पुष्कळ असतात. खोड एक वर्षाचं, मूळ दहा-पंधरा वर्षांचं. यामुळेच मला या कामाचा कंटाळा येत नाही. अशा तुकड्याला चार-पाच वर्षं आगीपासून राखलं की ती पोरं बघता बघता डोक्यावर जातात. मी हे एकापेक्षा जास्त गावांत पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी माझा जीव भरून आला आहे.

मुसळीसाठी मोठी पट्टी नको. दोन मीटर बाय दोन मीटरची चौकट, ऑगस्टमध्ये, पानं किती आणि फुलांचे दांडे किती, एवढंच. दांड्यांचा आकडा जास्त महत्त्वाचा, तो का ते वर सांगितलंय.

आणि एक तुकडा असा ठेवा जिथं काहीच काढायचं नाही. तिथंही तीच मोजणी करा. हा तुकडा नसला तर तीन वर्षांनी मुसळी कमी झाली तेव्हा भांडण होईल, कुणी म्हणेल खोदल्यामुळे, कुणी म्हणेल पाऊस कमी पडला. न खोदलेल्या तुकड्यातही कमी झाली असेल तर पाऊस, तिथं टिकली असेल तर आपण. तुमच्या गावात देवाची जागा असेल, जिथं कुणी पान तोडत नाही, तर ती सुरुवातीला पुरे.

राहिला व्यापारी. चारोळीचं बोलणं करायला हरकत नाही, पण ठरावात पिकलेल्या फळाचीच खरेदी असं लिहा आणि हिरव्या मालाचं वजन ग्रामसभेनं करायचंच नाही. शतावरी पहिल्या वर्षी एका लहान भागात करून बघा. मुसळीचा शब्द मात्र ऑगस्टची मोजणी होईपर्यंत देऊ नका, तो कितीही आगाऊ पैसे दाखवो. त्याला घाई असेल तर बाजारात शेतातली लावलेली मुसळी मिळते. चौकटी टाकायला जाल तेव्हा गावातल्या ज्या आजी लहानपणी मुसळी खोदायला जायच्या त्यांना सोबत न्या. पूर्वी कुठवर मुसळी होती ते त्यांना पायाखालच्या मातीवरून सांगता येतं. आज जिथं एकही पान नाही अशा जागाही वहीत लिहून घ्या. दिवाळीनंतर खोदाल तेव्हा थोड्या चकत्या तिथं नेऊन लावायच्या आहेत.